अननसांची हाफ पँट

‘कॅज्युअल’ या एका शब्दावरून आमच्या घरात जेवढी भांडणं झाली, तेवढी लेकीच्या लग्न न करण्यावरूनही झाली नाहीत. क्रूझच्या तिकिटांबरोबर एक कार्ड आलं होतं. संध्याकाळी मोठ्या डायनिंग हॉलमध्ये जेवायला येताना कॅज्युअल कपडे चालतील, पण हाफ पँट, बनियन, पोहायचे कपडे, रबरी सपाता आणि टोपी चालणार नाही, एवढंच त्यावर लिहिलं होतं. कुणीही शहाणा माणूस वाचेल आणि बाजूला ठेवेल. पण आमचे हे शहाणे नाहीत, आमचे हे चेकर आहेत.

म्हणजे होते. शहराच्या बसमध्ये तिकीट तपासायचे. आता निवृत्त झालेत, पण ते फक्त कागदोपत्री. गल्लीतली पोरंसुद्धा त्यांना ‘चेकर’च म्हणतात, आणि डोकं फिरलं की मीसुद्धा.

“चालतील म्हणजे चालवून घेतील,” हे म्हणाले. “आपण कुणाला चालवून घ्यायला लावायचंच कशाला?” आणि बॅगेत काय भरलं? फुल पँटी, कडक इस्त्रीचे शर्ट आणि पॉलिश केलेले काळे बूट. समुद्रावर जायला!

“अहो, सुट्टीवर चाललोय आपण, ड्यूटीवर नाही,” मी म्हटलं. मग मीही हट्टाला पेटले. बाजारात गेले आणि ह्यांच्यासाठी एक हाफ पँट घेऊन आले. निळी, आणि तिच्यावर हे एवढाले पिवळे अननस. ह्यांनी ती दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिली आणि विचारलं, “ही कुणाला द्यायचीय?” मी ती बॅगेच्या तळाशी कोंबली. तिला लटकणारी दुकानाची किमतीची चिठ्ठीसुद्धा काढली नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही एवढी मोठी माणसं कधीपासून झाली क्रूझला जाणारी? नाही हो. आमची छकुली त्या जहाजावर कामाला आहे. तिशी ओलांडली तरी घरात ती छकुलीच. जहाजावरच्या लोकांच्या घरच्यांना एक फेरी सवलतीत मिळते, म्हणून आम्ही निघालो. आधी ती जहाजाच्या पोटात, धुलाईखान्यात होती. चादरी, टॉवेल, वाफ, आणि खिडकी नावाला नाही. दिवस आहे की रात्र हे तिला घड्याळ बघून कळायचं. आता तिला वर आणलं होतं, डायनिंग हॉलच्या दाराशी. निळा कोट, छातीवर बिल्ला, हसून स्वागत करायचं आणि टेबलापर्यंत सोडायचं. फोनवर सांगताना पोरीचा आवाज नुसता नाचत होता. “आई, दारासमोर इथून तिथपर्यंत काच आहे. मी उभी असते तिथून सूर्य बुडताना दिसतो!”

आमच्याबरोबर तिसरी होती माझी आई. आता आई आणि आमचे हे यांचं काय आहे, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

माझं नुकतंच लग्न झालं होतं. ह्यांचीही नोकरी नवी कोरी. आई मला भेटायला बसने येत होती आणि घाईत पाकीट घरीच विसरली. मधल्या एका थांब्यावर चेकर चढला. कोण? जावई! आईला हायसं वाटलं. घरचाच माणूस, काळजी नाही. हा घरचा माणूस तिच्यापुढे उभा राहिला आणि भरल्या बसमध्ये म्हणाला, “आई, तुमच्याबद्दल पूर्ण आदर आहे. पण तिकीट नाही.” आणि पुढच्या थांब्यावर तिला उतरवलं. भर उन्हात, हातात माझ्यासाठी आणलेली फळांची पिशवी घेऊन ती चालत माझ्या दारात आली. लालबुंद चेहरा.

त्या दिवसापासून आई जावयाशी बोलत नाही. भांडणबिंडण काही नाही हो, फक्त सरळ बोलत नाही. सगळं माझ्यामार्फत. “त्यांना सांग, पंखा कमी करा.” “त्यांना विचार, अजून घेणार का.” मी खोलीत नसले तर कपाटाला सांगते. आमचे हेही कमी नाहीत. तेही कपाटाला उत्तर देतात. मी मधल्या मध्ये दोघांवर खेकसत म्हातारी झाले.

तर असे आम्ही तिघं एका केबिनमध्ये. केबिन म्हणजे दोन पलंग, भिंतीतून खाली ओढायची एक फळी, आणि गोल खिडकी. खिडकीजवळ आई, फळीवर हे. रोज दुपारी केबिन आवरणारा माणूस टॉवेलाच्या घड्या घालून पलंगावर कधी हत्ती करून ठेवायचा, कधी ससा. आई त्यांना कुणाला हात लावू द्यायची नाही. अंग पुसायला आम्ही दुसरे टॉवेल मागून आणायचो.

पहिल्या संध्याकाळी नटूनथटून जेवायला गेलो. दाराशी लाल दोर, आणि दोरापाशी आमची छकुली. बाई गं, काय दिसत होती! मला तिला कवटाळावंसं वाटत होतं, पण कामावर असताना तसं चालत नाही म्हणे. “शुभ संध्याकाळ, या,” ती म्हणाली, आणि आम्ही परक्यासारखे हसून आत गेलो. आमचं टेबल दाराजवळच होतं, त्यामुळे मला दारातलं सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. ह्यांना पाठ दाराकडे करून बसवलं, नाहीतर जेवण सोडून येणाऱ्या-जाणाऱ्याला तपासत बसले असते.

आणि मग आला तो साखळीवाला. गळ्यात बोटाएवढी जाड सोन्याची साखळी, अंगात बिनबाह्यांचं बनियन, खाली पोहायची ओली चड्डी. मागे तशाच अवतारातले दोन मित्र. छकुली पुढे झाली. “सर, माफ करा, इथे जेवायला...” तेवढ्यात तो गरजला, “अगं पोरी, पैसे मोजून आलोय, शाळेत नाही आलो!” आणि आमची लेक, चेकरची लेक, खाली मान घालून म्हणाली, “बरं सर, आजच्या दिवस हं.” दोर बाजूला केला.

दुसऱ्या दिवशीही तोच प्रकार. तिसऱ्या दिवशी त्याने विचारण्याचेही कष्ट घेतले नाहीत, स्वतःच्या हाताने दोर काढला. खांबाशी हॉलचे मोठे साहेब उभे होते. उंच, पांढरा कोट, चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती. त्यांनी साखळीवाल्याकडे पाहिलं, मग छकुलीकडे. मी जेवण सोडून दाराकडेच बघत राहिले. हे मात्र पाठमोरे बसून सूप ढवळत होते.

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी छकुली केबिनमध्ये आली. हे डेकवर फेऱ्या मारायला गेले होते, बुटांत अर्थातच. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. छकुली पलंगावर बसली, टॉवेलाचा हत्ती मांडीवर घेतला आणि त्याच्यात तोंड खुपसून रडायला लागली. हत्तीची सोंड सुटली.

“काय झालं गं?”

“साहेबांनी बोलावलं होतं. म्हणाले, तुझ्याबद्दल लोकांच्या तक्रारी आहेत. आम्ही नीट कपडे घालून यायचं आणि शेजारी ओल्या चड्डीतला माणूस, असं म्हणतात. आज शेवटची संधी. आज जर चुकीच्या कपड्यातला एक जरी माणूस आत आला, तर उद्यापासून परत खाली, धुलाईखान्यात.” तिने नाक पुसलं. “आई, मला नाहीच म्हणता येत गं. समोरचा माणूस दुखावेल असं वाटतं आणि जीभच वळत नाही. मला ती खिडकी नसलेली खोली नको. खरंच नको.”

मी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. ती तोंड धुऊन, कोट नीट करून कामावर गेली, आणि थोड्या वेळाने हे आले. माझा पारा चढलेलाच होता. सगळं एका दमात त्यांच्या अंगावर ओतलं.

“आता तुम्ही जा आणि त्या साहेबांशी बोला,” मी म्हटलं. “सांगा, पोरगी गुणी आहे, जरा सांभाळून घ्या. बाप आहात ना?”

“वशिला लावू? मी?”

“झालं! आला चेकर! अहो, सगळ्या जन्मात एकदा तरी घरच्यांसाठी काहीतरी वाकडं करा! माझ्या आईला उन्हात उतरवलंत, आता पोरीला तळघरात जाऊ द्या. नियम तेवढा उराशी धरून बसा!”

ह्यांनी टॉवेलाचा मोडलेला हत्ती उचलला, त्याची सोंड परत वळवायचा प्रयत्न केला. मग म्हणाले, “दुखावेल असं वाटतं म्हणाली?”

“हो.”

“मलाही वाटायचं.”

मी बघतच राहिले. एवढा संसार झाला, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते.

“नोकरीचा पहिला आठवडा होता,” हे खिडकीकडे बघत म्हणाले. “एकालाही अडवलं नव्हतं मी तोवर. सगळ्यांना ‘पुढच्या वेळी काढा हं’ म्हणून सोडून देत होतो. कंडक्टर हसायचे मला. आणि त्या दिवशी बसमध्ये तुझी आई. वाटलं, ह्यांना सोडलं तर आपण आयुष्यात कुणालाच अडवू शकणार नाही. अडवलं. उतरवलं. मग पुढच्या स्टॉपवर मीही उतरलो आणि कोपऱ्यात जाऊन ओकलो.” सुटलेली सोंड पुन्हा वळली. “त्यानंतर मात्र कधी जड गेलं नाही. सगळ्यात जवळचं माणूस एकदा अडवलं की झालं.”

“मग हे मला कधी सांगितलं का नाहीत?”

“तू रागावली होतीस.”

घ्या! मी रागावले होते म्हणून! मला हसावं की रडावं कळेना. आई भिंतीकडे तोंड करून तशीच पडली होती, पण तिचं घोरणं केव्हाच थांबलं होतं.

“तुम्ही दोघी जा पुढे,” हे म्हणाले. “मी येतो मागून.”

संध्याकाळी आम्ही दोघी गेलो. छकुलीने दोर बाजूला केला, पण ‘शुभ संध्याकाळ’ म्हणायचं विसरली. मोठे साहेब खांबाशी होतेच. आम्ही टेबलावर बसलो, सूप आलं, आणि माझी नजर दारावर. साखळीवाला अजून आला नव्हता. आमच्या ह्यांचाही पत्ता नव्हता. मला वाटलं, बुटांना पॉलिश करत बसले असतील.

मग रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. दुसरं हसलं. मी मान उंच करून पाहिलं, आणि हातातला चमचा खाली पडला.

आमचे हे. कमरेला अननसांची हाफ पँट, दुकानाची चिठ्ठी मांडीवर लोंबतेय. वर बनियन. पायात बाथरूममधल्या रबरी सपाता. डोक्यावर टोपी. आणि गळ्यात पोहायच्या तलावावरचा ओला टॉवेल, पोहायच्या कपड्यांची कसर भरून काढायला असणार, कारण तेवढं एक ह्यांच्याकडे नव्हतं. कार्डावर जे जे नको म्हणून लिहिलं होतं, ते ते सगळं एका माणसाच्या अंगावर. साखळीवाल्याला जन्मात जमलं नसतं. इतक्या शिस्तीत नियम मोडायला चेकरच हवा.

पहिल्यांदा वाटलं, ह्यांचं डोकं फिरलं. मग दुपारचं बोलणं आठवलं आणि सगळं लख्ख कळलं. आईकडे पाहिलं. तीही टक लावून बघत होती.

छकुली पांढरीफटक पडली. “बाबा,” ती हळूच म्हणाली, “हे काय? जा ना, कपडे बदलून या.”

“का? काय वाईट आहे ह्यात?” हे एवढ्या मोठ्याने म्हणाले की अख्ख्या हॉलने वळून पाहिलं. “सुट्टीवर आलोय मी!”

“बाबा, प्लीज.”

“आत्ता बसतो आणि आत्ता उठतो. एकच घास खायचाय.”

छकुलीने मागे पाहिलं. साहेब बघत होते. ह्यांच्या मागे रांगेत साखळीवाला येऊन उभा राहिला होता, त्याच ओल्या चड्डीत, आणि त्याला मोठी गंमत वाटत होती. “सोड की गं म्हाताऱ्याला,” तो म्हणाला. पोरीचे डोळे भरून आले. हात दोराकडे गेला. दोर थोडा सैल झाला, आता बाजूला होणार. मी टेबलाची कड घट्ट धरली.

पण हे आत आलेच नाहीत. रस्ता मोकळा होत होता तरी तिथेच पाय रोवून उभे, आणि वर आवाज चढवला. “मी कोण आहे माहीत आहे का तुला? रोज असाच येणार मी! आजवर कुणी विचारलं नाही, तूच कोण गं विचारणारी?”

ही सगळी वाक्यं मी ओळखत होते. नोकरीभर रोज घरी येऊन, बूट काढता काढता, हे आम्हाला ऐकवायचे. आज एक जण म्हणाला, मी कोण आहे माहीत आहे का. आज एक बाई म्हणाली, आत्ताच तर चढले. छकुली लहानपणी ह्यांच्या मांडीवर बसून तीच वाक्यं पाठ म्हणायची आणि हसायची. आता तिने बापाच्या तोंडाकडे पाहिलं. टोपीखाली ते डोळे तिला काय सांगत होते ते मला दिसत नव्हतं, पण तिला दिसलं असणार. तिची मान ताठ झाली. दोर तिने परत कडीत अडकवला.

“बाबा,” ती म्हणाली, आणि आवाज जरासुद्धा हलला नाही, “तुमच्याबद्दल पूर्ण आदर आहे. पण पँट नाही.”

हॉलमध्ये हशा पिकला. हे मात्र हसले नाहीत. “एवढ्या वेळेला चालवून घे,” त्यांनी शेवटचं एक टाकून पाहिलं.

“नाही. कपडे बदलून या, नाहीतर वरच्या डेकवरच्या कँटीनमध्ये जा. तिथे हाफ पँट चालते. पुढचे कोण?”

पुढचा साखळीवाला होता. त्याने तोंड उघडलं. छकुलीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तशीच हसून, वाट बघत. जिने भर हॉलमध्ये सख्ख्या बापाला परतवलं, तिच्यापुढे हा काय बोलणार? त्याने स्वतःच्या ओल्या चड्डीकडे पाहिलं, मित्रांकडे पाहिलं, आणि “चला रे, बदलून येऊ” म्हणत मागे वळला. मोठे साहेब खांबापासून निघाले, छकुलीजवळून जाताना थांबले आणि तिच्या बिल्ल्याची वाकडी झालेली पिन सरळ करून पुढे गेले. एवढंच. पण पोरीचा चेहरा बघायला हवा होता.

आणि मी? मी रडत होते हो, भर जेवणाच्या टेबलावर, रुमालात तोंड लपवून. हे माझे चेकर, नाकासमोर चालणारे, शेजाऱ्याच्या दारातली चप्पलसुद्धा ओलांडून न जाणारे, आज लोकांच्या हसण्यातून, त्या भयंकर अननसांसकट, खाली मान घालून परत निघाले होते. माझा असा ऊर भरून आला. एवढ्या वर्षांचा राग कुठल्या कुठे गेला, मला शोधूनही सापडेना.

तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकली. आई उठली होती. सूपला तिने चमचाही लावला नव्हता. तिला सूप फार आवडतं, सकाळपासून आज कसलं असेल म्हणून मला विचारत होती. ती काठी टेकत दारापर्यंत गेली. नातीने दोर बाजूला केला.

“आजी, जेवण?”

आजीने तिच्या गालावर हात ठेवला आणि पुढे गेली. हे लांब कॉरिडॉरमध्ये फटक फटक सपाता वाजवत चालले होते.

“जावईबापू!” आईने हाक मारली.

हे जागच्या जागी थांबले. वळले. मागे कुणी कपाट आहे का ते बघत असावेत.

“थांबा,” आई म्हणाली. “मीही उतरते तुमच्याबरोबर.”

हे परत आले. टोपी काढली, आईपुढे हात केला, आणि आईने तो धरला. दोघं हळूहळू वरच्या डेकच्या जिन्याकडे निघाले. काचेबाहेर सूर्य बुडायला आला होता आणि दाराशी उभी असलेली छकुली त्यांच्याकडे बघत होती.

“आणि ती चिठ्ठी तेवढी काढून टाका,” आईचा आवाज ऐकू आला. “चांगली आहे पँट.”